तरुण रुग्ण आणि कृत्रिम हृदयझडपेची निवड : एका वैद्यकीय निर्णयाचा इतिहास

मनुष्याच्या हृदयातील चार झडपा रक्तास एकाच दिशेने वाहू देतात व मागे फिरू देत नाहीत. नाडीचे ठोके मिनिटास सत्तर धरले, तरी प्रत्येक झडप दिवसाकाठी एक लाखाहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा उघडते व मिटते. सत्तरीच्या वृद्धाच्या हृदयात बसविलेल्या कृत्रिम झडपेस दहा ते पंधरा वर्षे काम करावे लागले, तर तिच्या वाट्यास ३७ ते ५५ कोटी आवर्तने येतात. तिशीतील रुग्णाच्या बाबतीत मात्र हा आकडा चाळीस वर्षांत दीडशे कोटींच्या जवळ जातो. वृद्ध आणि तरुण यांच्यासाठी झडपेची निवड करताना जो फरक पडतो, त्याचे मूळ या साध्या गणितात आहे.

कृत्रिम झडपांचा इतिहास सामान्यतः एकामागून एक लागलेल्या शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. तरुण रुग्णाच्या बाजूने तो वाचला असता त्याचे निराळे रूप दृष्टीस पडते. तरुण रुग्णास ज्या झडपेची निवड करावयाची असे, तिच्या दीर्घकालीन वर्तनाचा पुरावा निवडीच्या वेळी उपलब्ध नसे. आणि तो पुरावा हाती येईपर्यंत ती झडप बहुधा मागे पडलेली असे. त्यामुळे कोणती झडप निर्दोष, या प्रश्नाला कधीच उत्तर मिळाले नाही. कोणते ओझे पत्करावयाचे आणि ते आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर वाहावयाचे, एवढेच ठरविणे शक्य होते. गेल्या सात दशकांतील घटनाक्रमाने हे स्पष्ट होते.

१. आरंभकाळ : जगणे हेच यश

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झडपांच्या विकाराचे प्रमुख कारण संधिज्वर हे होते. बालपणी घशास होणाऱ्या जंतुसंसर्गातून हा ज्वर उद्भवतो आणि झडपांची पाने जाड व ताठर करून ठेवतो. आकुंचित झालेली द्विदल झडप बोटाने किंवा पात्याने मोकळी करण्याचा प्रयत्न हेन्री सौटर यांनी लंडनमध्ये १९२५ साली एका मुलीवर केला होता. अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन यांनी १९४८ साली हा मार्ग पुन्हा प्रशस्त केला. परंतु जी झडप गळते, तिच्यावर या उपायाचा काही उपयोग नव्हता. तिच्या जागी दुसरी झडप बसविणे एवढाच मार्ग उरत होता.

वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात चार्ल्स हफनेगल यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये सुमारे तीस वर्षांच्या एका स्त्रीच्या शरीरात प्लॅस्टिकची झडप बसविली. हृदय थांबवून आत काम करण्याची सोय तोपर्यंत नव्हती. म्हणून ही झडप हृदयात न बसविता महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, खाली उतरणाऱ्या भागात बसवावी लागली. तिच्यामुळे शरीराच्या खालच्या भागातून परत येणारे रक्त अडविले जाई. मूळ विकार मात्र तसाच राही. झडपेतील गोळ्याचा आवाज शेजारच्या माणसास ऐकू येत असे. कृत्रिम झडपेबरोबर जगणे म्हणजे काय, याची पहिली कल्पना या आवाजाने दिली.

१९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी उपयोग केल्यावर उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया शक्य झाली. त्यानंतर सात वर्षांनी, मार्च १९६० मध्ये हार्केन यांनी महारोहिणी झडपेच्या जागी, आणि त्याच महिन्यात नीना ब्राउनवाल्ड यांनी द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविली. त्याच वर्षी ऑरेगनमध्ये अल्बर्ट स्टार यांनी एका निवृत्त अभियंत्याच्या सहकार्याने केलेले काम अधिक टिकाऊ ठरले. लॉवेल एडवर्ड्स हे द्रवयंत्रांचे जाणकार. ते १९५८ साली स्टार यांच्याकडे संपूर्ण कृत्रिम हृदय बनविण्याची कल्पना घेऊन आले होते. तेथून दोघे झडपेकडे वळले. धातूच्या पिंजऱ्यात सिलिकोन रबराचा गोळा, अशी त्यांच्या झडपेची रचना होती. पहिल्या रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच मृत्यू झाला. परंतु सप्टेंबर १९६० मधील ५२ वर्षांचा रुग्ण पुढे सुमारे दहा वर्षे जगला.

या काळात ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, ते बहुधा मृत्यूच्या दारात उभे असलेले रुग्ण होते. वीस वर्षांनंतर झडपेचे काय होईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. काही वर्षांतच सिलिकोनचे गोळे रक्तातील स्निग्ध पदार्थ शोषून फुगू व तडकू लागल्याचे दिसून आले आणि गोळा तयार करण्याची प्रक्रिया बदलावी लागली. काळ हाच झडपेचा खरा परीक्षक आहे, याची ही पहिली जाणीव होय.

२. औषधाचे ओझे

परक्या पृष्ठभागास स्पर्श होताच रक्त गोठू लागते. यांत्रिक झडपेवर धरलेली गुठळी झडप अडवू शकते किंवा मेंदूत जाऊन पक्षाघात घडवू शकते. म्हणून अशा झडपेसोबत रक्त सहज गोठू न देणारे औषध आजन्म घ्यावे लागते.

या औषधाचा उगम गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे बुरसलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये त्यातील कारक द्रव्य वेगळे केले. त्यावरून तयार झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये मनुष्यासाठी मान्य झाले. म्हणजे स्टार-एडवर्ड्स झडप येण्यापूर्वी अवघी सहा वर्षे.

वॉरफरिनची मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव, असा हा तोल आहे. तो आहाराने, इतर औषधांनी व आजारपणाने बिघडतो. के जीवनसत्त्वाने समृद्ध असलेल्या पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलले, तरी त्याचा परिणाम रक्तचाचणीत उमटतो. त्यातच प्रारंभीची दोन दशके या चाचणीचे मापच एकसारखे नव्हते. निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या शक्तीचे अभिकारक वापरीत. त्यामुळे एका देशातील सुरक्षित आकडा दुसऱ्या देशात धोक्याचा ठरू शके. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर हे समान परिमाण पुरस्कृत केल्यावर ही अडचण दूर झाली. पुढे महारोहिणीच्या स्थानी सामान्यतः २ ते ३ आणि द्विदल झडपेच्या स्थानी २.५ ते ३.५ अशा मर्यादा रूढ झाल्या. यांत्रिक झडपेच्या यशात या परिमाणाचा वाटा धातूच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा कमी नाही.

वृद्धास हे औषध काही वर्षे घ्यावयाचे असते. तरुणास अर्धे आयुष्य. रक्तस्रावाचा धोका कोणत्याही एका वर्षी लहान असला, तरी चाळीस वर्षांत त्याची बेरीज होत जाते. शिवाय तरुणाचे जीवन हालचालीचे असते. अंगावर आदळण्याचे खेळ, उंचावरचे बांधकाम, धारदार अवजारांचे काम या सर्वांचा विचार त्यास नव्याने करावा लागतो.

३. जिवंत ऊतीचा शोध

हे ओझे टाळण्याच्या इच्छेतून दुसरी परंपरा निर्माण झाली. जुलै १९६२ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड रॉस यांनी मृत व्यक्तीच्या शरीरातून काढलेली झडप महारोहिणीच्या स्थानी बसविली. पुढच्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये ब्रायन बॅरेट-बॉइज यांनी स्वतंत्रपणे तेच केले. अशा मानवी झडपेस वॉरफरिनची आवश्यकता नव्हती. परंतु तिचा पुरवठा अत्यल्प होता आणि तीही कालांतराने निकामी होई.

पॅरिसमध्ये अलँ कार्पँतिए यांनी डुकराच्या झडपेचा मार्ग निवडला. १९६५ मधील आरंभीच्या झडपा लवकर बिघडल्या. १९६८ च्या सुमारास त्यांनी ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने ऊती स्थिर करण्याची रीत बसविली व अशा झडपेस जैविक कृत्रिम अवयव या अर्थाचे नवे नाव दिले. लीड्स येथील मारियन आयोनेस्कू यांनी १९७१ पासून गुरांच्या हृदयावरणाच्या झडपा वापरल्या. वॉरफरिनपासून मुक्ती हा या सर्वांचा मोठा लाभ होता, आणि तो तरुणांनाच सर्वाधिक हवासा वाटणारा होता.

परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच वयोगटातून निराशेची वार्ता आली. मुलांमध्ये व तरुणांमध्ये जैविक झडपांवर कॅल्शियम वेगाने साचते, पाने ताठर होतात, फाटतात आणि पुनःशस्त्रक्रिया अटळ ठरते, असे आढळून आले. वृद्धांत हीच झडप दीर्घकाळ टिके. ज्यास तिची गरज अधिक, त्याच्याच शरीरात तिचे आयुष्य कमी, हा विरोधाभास त्यानंतरच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी राहिला.

या कोंडीतून मार्ग काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न रॉस यांचाच होय. १९६७ मध्ये त्यांनी रुग्णाची स्वतःची फुप्फुस रोहिणीची झडप काढून महारोहिणीच्या स्थानी बसविली आणि रिकाम्या जागी दात्याची मानवी झडप ठेवली. स्वतःची ऊती असल्यामुळे ती जिवंत राहते, वाढत्या मुलात वाढते व वॉरफरिन लागत नाही. एका झडपेच्या विकारासाठी दोन झडपांवर शस्त्रक्रिया केली जाते, असा आक्षेप तिच्यावर आरंभापासून घेतला गेला. आणि निष्णात हातांबाहेर ती कधीच सर्वत्र पसरली नाही.

४. धातू, कार्बन आणि तुटलेला कंस

यांत्रिक झडपेची परंपरा याच काळात गोळ्याकडून चकतीकडे वळली. स्टॉकहोमचे विकिंग ब्यर्क व अमेरिकन अभियंता डोनाल्ड शायली यांची कलती चकती असलेली झडप १९६९ मध्ये प्रथम बसविली गेली. अणुइंधनाच्या कणांवर लेप देण्यासाठी विकसित झालेला पायरोलिटिक कार्बन हा पदार्थ झडपांसाठी उपयुक्त ठरला. तो अत्यंत कठीण असून रक्तास तुलनेने सोसवतो. ऑक्टोबर १९७७ मध्ये मिनेसोटात दोन अर्धवर्तुळाकृती पाने असलेली सेंट ज्यूड झडप प्रथम बसविली गेली आणि पुढे द्विपत्री रचनाच सर्वाधिक प्रचारात आली.

यांत्रिक झडप आयुष्यभर टिकते, हा विश्वास या काळात दृढ झाला. त्यास तडा देणारे प्रकरण ब्यर्क-शायली झडपेच्या सुधारित आवृत्तीचे होय. चकतीचा आकार बदलून रक्ताचा प्रवाह अधिक सुकर केलेली ही आवृत्ती १९७९ ते १९८६ या काळात विकली गेली व जगभरात सुमारे ८६,००० रुग्णांच्या हृदयात बसली. तिच्यातील चकतीस आधार देणारा धातूचा कंस काही रुग्णांत तुटू लागला. कंस तुटताच चकती निसटे आणि बहुतेक रुग्ण दगावत. ज्यांच्या शरीरात ही झडप होती, त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला : न तुटलेली झडप प्रतिबंधक उपाय म्हणून काढावी, की शस्त्रक्रियेचा धोका टाळून आहे तशी ठेवावी? नेदरलँड्समधील १९९२ च्या पाहणीत तरुण वय व झडपेचा मोठा व्यास ही जोखमीची लक्षणे आढळली. म्हणजे टिकाऊपणासाठी यांत्रिक झडप निवडलेला तरुणच तिच्या दोषास अधिक बळी पडण्याचा संभव होता.

५. पुराव्याचा विलंब

दोन प्रकारांची तुलना चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक विभागणी करून, करण्याचे दोन मोठे प्रयोग याच सुमारास सुरू झाले. एडिनबरोच्या प्रयोगात १९७५ ते १९७९ या काळात ५४१ रुग्ण घेतले गेले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या प्रयोगात १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुष घेतले गेले. दोन्हींत ब्यर्क-शायलीची मूळ चकतीची झडप डुकराच्या झडपेच्या तुलनेस ठेवली होती.

अमेरिकन प्रयोगाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. महारोहिणी झडप बदललेल्यांत यांत्रिक गटात ६६ टक्के व जैविक गटात ७९ टक्के मृत्यू झाले होते. पासष्टीच्या आतील रुग्णांत जैविक महारोहिणी झडप २६ टक्क्यांत निकामी झाली. यांत्रिक गटात हे प्रमाण शून्य होते. रक्तस्राव मात्र यांत्रिक गटात अधिक झाला. एडिनबरोच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत (२००३) दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत लक्षणीय अंतर दिसले नाही.

हे निष्कर्ष मोलाचे असले तरी त्यांच्या मर्यादा इतिहासाच्या अभ्यासकास विसरता येत नाहीत. निष्कर्ष आले तोवर नव्या शस्त्रक्रियांत चकतीच्या झडपेची जागा द्विपत्री झडपेने घेतली होती व जैविक झडपांच्या पुढील पिढ्या आल्या होत्या. शिवाय अमेरिकन प्रयोगात स्त्रिया नव्हत्याच. वॉरफरिन गर्भाच्या हाडांवर व मज्जासंस्थेवर दुष्परिणाम करू शकते, हे १९८० पर्यंत स्पष्ट झाले होते. आणि गर्भारपणात ते थांबविल्यास यांत्रिक झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. मातृत्वाची इच्छा असलेल्या तरुणीने जैविक झडप घेऊन पुढे दुसरी शस्त्रक्रिया पत्करावी, की यांत्रिक झडप घेऊन गर्भारपणाचा धोका पत्करावा, या प्रश्नास त्या आकड्यांत उत्तर नव्हते.

६. भारतातील संदर्भ

पाश्चात्त्य देशांत संधिज्वर ओसरला आणि झडपेचा रुग्ण उतारवयाचा झाला. भारतात संधिज्वराने पीडित तरुण रुग्णांची संख्या मोठी राहिली; परिणामी येथे हा प्रश्न मूलतः तरुणांचाच होता. आयात झडपांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती.

त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत म. शं. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडपेचे काम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. एकामागून एक नमुने अयशस्वी ठरले. नीलमण्याच्या स्फटिकाची चकती कठीणपणात श्रेष्ठ होती. परंतु तीही तडकल्यामुळे सोडून द्यावी लागली. अखेरीस कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती व पॉलिएस्टरचे शिवणीचे कडे अशी रचना स्थिर झाली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णास बसविली गेली. पुढे ही झडप लाखाहून अधिक रुग्णांत वापरली गेली. अत्यंत कठीण द्रव्यांच्या मागे न लागता मऊ प्लॅस्टिकची चकती स्वीकारण्याचा हा निर्णय स्थानिक गरज व स्थानिक साधने यांच्या मेळातून आला होता.

तथापि झडप स्वस्त झाली, म्हणून वॉरफरिनचे ओझे हलके झाले नाही. रक्तचाचणीची सोय ज्याच्या गावापासून दूर आहे, ज्याची मजुरी एका खेपेत बुडते, अशा तरुणासाठी यांत्रिक झडपेची खरी किंमत शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. दुसरीकडे, बारा-पंधरा वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया परवडेल, याचीही त्यास शाश्वती नसते. संधिज्वर झालेल्या मुलास नियमित पेनिसिलिन देऊन झडप वाचविणे, आकुंचित झडप फुग्याने रुंदावणे (जपानमधील कांजी इनोउए यांची १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धती) आणि शक्य तेथे मूळ झडपच दुरुस्त करणे, या उपायांचे महत्त्व म्हणूनच येथे अधिक आहे.

७. निवडीची नवी व्याप्ती

एप्रिल २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेलेल्या नळीने महारोहिणी झडप बसविली. पुढे निकामी झालेल्या जैविक झडपेच्या आतच दुसरी झडप अशा रीतीने बसविता येऊ लागली. दुसऱ्या शस्त्रक्रियेची भीती कमी झाल्यामुळे पन्नाशीच्या आतील रुग्णही जैविक झडपेकडे वळू लागले. परंतु झडपेत झडप बसविल्यास मार्ग अरुंद होतो. पहिली झडप लहान असेल, तर हा उपाय अपुरा पडतो. तिशीतील रुग्णास अशा किती आवृत्त्या लागतील, याचा पुरावा अद्याप काळाच्या पोटात आहे.

वॉरफरिनला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही झाले. डॅबिगॅट्रान या औषधाचा यांत्रिक झडपांवरील प्रयोग गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲपिक्सॅबानचा प्रयोग २०२२ मध्ये अशाच प्रकारे, गुठळ्यांचे प्रमाण वाढल्यामुळे, थांबला.

कॅलिफोर्नियातील रुग्णनोंदींवरून २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासात यांत्रिक झडपेचा आयुर्लाभ महारोहिणीच्या स्थानी पंचावन्न वर्षांपर्यंत व द्विदल झडपेच्या स्थानी सत्तरीपर्यंत दिसून आला. २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूत्रांनी महारोहिणी झडपेसाठी पन्नाशीच्या आत यांत्रिक झडप योग्य मानली, पासष्टीनंतर जैविक आणि मधल्या वयात व्यक्तिशः निर्णय सुचविला. २०२१ च्या युरोपीय सूत्रांनी हीच सीमा साठ वर्षांवर ठेवली. एकाच पुराव्यावरून दोन सीमा निघतात, यातच त्या पुराव्याचे स्वरूप प्रकट होते. दोन्ही सूत्रांनी रुग्णाच्या इच्छेस निर्णयात स्थान दिले, हे विशेष होय. १९६० मध्ये ही निवड सर्वस्वी शल्यविशारदाची होती.

समारोप

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. वॉरफरिन आणि पुनःशस्त्रक्रिया यांपैकी एक ओझे हलके झाले की तराजू त्या बाजूस झुकतो. दोन्ही ओझी मात्र आजवर नाहीशी झालेली नाहीत. १९८३ च्या समान परिमाणाने तराजू यांत्रिक झडपेकडे झुकला, २००२ नंतरच्या नळीमार्गी झडपेने जैविक झडपेकडे. तरुण रुग्ण प्रत्येक वेळी अपुऱ्या माहितीवर आपल्या आयुष्याचा मोठा भाग पणास लावीत आला. पुढच्या पिढीस उपलब्ध झालेले आकडे त्याच्याच शरीराने पुरविले. म्हणून त्याच्याशी बोलताना ‘ही झडप आयुष्यभर टिकेल’ या आश्वासनापेक्षा, त्याचा व्यवसाय, त्याचे गाव, चाचणीची सोय, संततीची इच्छा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी यांची विचारपूस करणे अधिक प्रामाणिक ठरते. झडपेच्या गुणदोषांइतकेच या गोष्टींवर त्या निवडीचे यशापयश अवलंबून राहिले आहे.